मागचा दिवा कुणी लावायचा?

आपल्याकडची जुनी काळी सायकल आठवा. मागच्या मडगार्डच्या टोकाला वीतभर पांढरा रंग असायचा आणि त्याच्यावर लाल काचेची एक गोल टिकली. ती पांढरी पट्टी कशासाठी, असं दुकानदाराला विचारलं तर तो म्हणायचा, ‘कंपनीकडून तशीच येते.’ ते खरंच होतं. पण कंपनीला ती सुचली कशी, याची गोष्ट विलायतेत सुरू होते, आणि ती एका भांडणाची गोष्ट आहे. अंधाऱ्या रस्त्यावर पुढे सायकल चालली आहे. मागून मोटार येते आणि सायकलला उडवते. आता पुढच्यानं दिसायला हवं होतं, की मागच्यानं बघायला हवं होतं?

प्रश्न सोपा वाटतो. दोघांनीही आपापलं काम करायला हवं होतं, असं आपण सहज म्हणून जातो. पण कायद्याला आणि विमा कंपनीला असं मोघम बोलून चालत नाही. तिथे कुणाचं तरी नाव लिहावं लागतं. ‘जबाबदारी’ हा आपला रोजचा शब्द फारसीतून आला. जवाब म्हणजे उत्तर, आणि जबाबदार म्हणजे ज्याच्याकडे उत्तर मागायचं तो. रस्त्याचा इतिहास मी या एका शब्दाच्या आधारानं वाचतो. अपघात झाला की पहिला सवाल कुणाला विचारला गेला, एवढंच बघत जायचं. मग पुष्कळ गोष्टी उलगडतात.

सायकलचं आजचं रूप, म्हणजे दोन सारखी चाकं आणि साखळी, १८८५ मध्ये इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री गावात जॉन केम्प स्टार्लीच्या ‘रोव्हर’ सायकलनं रूढ केलं. तीन वर्षांनी डनलॉपची हवेची धाव आली. त्याच वर्षी, १८८८ मध्ये, ब्रिटनच्या पार्लमेंटनं सायकलला कायद्यानं ‘गाडी’चा दर्जा दिला. हा दर्जा मोठा मोलाचा होता. तोवर गावोगावचे अधिकारी सायकलवाल्यांना रस्त्यावरून हुसकून लावू पाहत होते. आता सायकलचा रस्त्यावरचा हक्क टांग्याइतकाच पक्का झाला.

हक्काबरोबर दोन अटी आल्या. रात्री पुढे दिवा हवा. आणि कुणालाही, म्हणजे गाडीला, घोड्याला किंवा पायी चालणाऱ्याला, मागून येऊन ओलांडायचं असेल तर आधी पुरेशा अंतरावरून घंटी किंवा शिट्टी वाजवायची. या दुसऱ्या अटीपाशी मी नेहमी थबकतो. १८८८ मध्ये साध्या रस्त्यावर सायकल हे वेगवान वाहन होतं. टांगा मागे पडायचा, पायी माणूस तर पडायचाच. कायदा या वेगवान माणसाला सांगत होता की तू मागून येतोस, तेव्हा सावध करण्याचं काम तुझं. पुढं चालणाऱ्या म्हातारीनं पाठीवर कंदील बांधावा, असं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

त्या काळात रस्त्यांसाठी झगडलेही तेच. १८७८ मध्ये स्थापन झालेला सायकलस्वारांचा क्लब पुढे ‘सायकलिस्ट्स टूरिंग क्लब’ या नावानं प्रसिद्ध झाला. १८८६ मध्ये सायकलस्वारांच्याच संघटनांनी ‘रोड्स इम्प्रूव्हमेंट असोसिएशन’ काढली. खड्डे कसे बुजवावेत, खडी कशी दाबावी, याची माहितीपत्रकं ही मंडळी छापून वाटत असत. तेव्हा मोटार रस्त्यावर जवळजवळ नव्हतीच. या संघटनेचं काम पुढे विल्यम रीस जेफ्रीज या सायकलप्रेमी गृहस्थाकडे आलं, आणि १९१० मध्ये सरकारी रोड बोर्ड निघालं तेव्हा तेच त्याचे सचिव झाले. गुळगुळीत रस्ते झाले, आणि त्यांवरून मोटारी धावू लागल्या. रस्ता मोटारीसाठी केला आणि सायकल त्यात घुसली, असं आज मोटारवाल्यांना वाटतं. घडलं होतं ते नेमकं उलट.

मोटार आणि सायकल यांची पहिली झटापट फार लवकर झाली. ३० मे १८९६ रोजी न्यूयॉर्कच्या रस्त्यावर हेन्री वेल्स नावाच्या गृहस्थाच्या ड्यूरिया मोटारीनं एव्हलिन थॉमस या सायकलवरच्या बाईंना धडक दिली. बाईंचा पाय मोडला. अमेरिकेतला मोटारीचा पहिला अपघात म्हणून हाच सांगितला जातो. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये लंडनला क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रिजेट ड्रिस्कॉल ही पायी चाललेली बाई मोटारीखाली मेली. ब्रिटनमध्ये मोटारीनं घेतलेला पादचाऱ्याचा तो पहिला बळी. चौकशीत तो निव्वळ ‘अपघाती मृत्यू’ ठरला आणि कुणावरही खटला झाला नाही. त्याच नोव्हेंबरात मोटारींची वेगमर्यादा वाढवून ताशी १४ मैल करण्यात आली. १९०३ मध्ये ती २० मैल झाली.

मागच्या दिव्याचा वाद पेटला तो पहिल्या महायुद्धाच्या सुमारास. युद्धकाळात शहरांचे दिवे मंद केले गेले आणि सायकलला मागे लाल दिवा लावण्याची सक्ती काही काळ झाली. युद्ध संपल्यावर ती उठली. पण मोटारींच्या संघटनांना तिची चव कळली होती. सायकलच्या मागे दिवा नसेल तर आम्हाला ती दिसणार कशी, असं त्यांचं म्हणणं. सायकलस्वारांच्या क्लबचे सचिव जी. एच. स्टॅन्सर आणि त्यांचे सहकारी याला कडाडून विरोध करत राहिले. वरवर पाहिलं तर हा हट्ट वाटतो. दोन पैशांचा दिवा लावायला काय जातं?

त्यांचं म्हणणं मात्र नीट समजून घेण्यासारखं आहे. मोटारवाल्यानं आपल्या दिव्याच्या उजेडात जेवढा रस्ता दिसतो तेवढ्या अंतरात गाडी थांबवता येईल, अशाच वेगानं चालवायला हवी. कारण रस्त्यावर सायकल एकटी नसते. पडलेलं झाड असतं, सुटलेलं जनावर असतं, पायी घरी निघालेला माणूस असतो. यांच्यापैकी कुणाच्याही पाठीला लाल दिवा नाही. एकदा का सायकलला मागचा दिवा सक्तीचा झाला, की मोटारवाला रस्ता बघणं सोडून फक्त लाल ठिपके शोधू लागेल. आणि दिवा विझलेला असला, तेल संपलेलं असलं, वाऱ्यानं ज्योत गेली असली, तर मेलेल्यालाच विचारलं जाईल की तुझा दिवा का लागला नव्हता? मागचा दिवा सायकलस्वाराला बसल्या जागेवरून दिसत नाही, हेही लक्षात घ्या. तो विझला हे त्याला कळतच नाही. उत्तर देण्याचं ओझं मात्र त्याच्यावर.

१९२७ मध्ये तडजोड निघाली. मागे दिवा नको असेल तर लाल परावर्तक काच लावा. मोटारीचा उजेड पडला की ती चमकेल. म्हणजे बघण्याचं काम मोटारीच्या दिव्याकडेच राहिलं. पुढे १९३० च्या दशकात या काचेच्या सोबतीला मडगार्डवर पांढरा पट्टा आला. तीच आपली टिकली आणि तीच आपली पट्टी. विलायती सायकली हिंदुस्थानात आल्या त्या पट्टीसकट आल्या. पुढे आपल्याकडे कारखाने निघाले, १९५१ चं अॅटलस, १९५६ चं हिरो, त्यांनीही पट्टी तशीच ठेवली. भांडण विसरलं गेलं, तडजोड मात्र मडगार्डवर शिल्लक राहिली.

विलायतेत तडजोड टिकली नाही. १९३० च्या कायद्यानं मोटारींची ताशी २० मैलांची मर्यादा सरळ काढूनच टाकली. वेगावर बंधन नाही आणि चालकाला परीक्षाही नाही, अशी ती वर्षं होती. १९३४ या एका वर्षात ब्रिटनच्या रस्त्यांवर ७,३४३ माणसं मेली. सरकार हादरलं. नवे वाहतूकमंत्री लेस्ली होअर-बेलिशा यांनी वस्तीच्या भागात ताशी ३० मैलांची मर्यादा आणली आणि १९३५ पासून चालकांना परीक्षा सक्तीची झाली. ही उपाययोजना खरी. पण त्याच मंत्र्यांनी डिसेंबर १९३४ मध्ये लंडनच्या वेस्टर्न अॅव्हेन्यूवर ब्रिटनमधल्या पहिल्या सायकल ट्रॅकचं उद्घाटन केलं. लांबी अडीच मैल, रुंदी साडेआठ फूट. सायकलस्वारांच्या क्लबनं या भेटीचं स्वागत करण्याऐवजी तिचा निषेध केला. आज ट्रॅक द्या, उद्या रस्ता बंद करा, ही त्यांची भीती.

त्यांची ही भीती मला अर्धीच पटते. पाच वर्षांनी लॉर्ड अॅलनेस यांच्या समितीनं, जिथे ट्रॅक असेल तिथे तो वापरण्याची सक्ती करावी, अशी शिफारस केली. म्हणजे भीती अगदीच निराधार नव्हती. पण वेगळ्या वाटेला सरसकट नकार देऊन त्यांनी आपल्या नातवंडांचं नुकसान केलं, असंही मला वाटतं. हॉलंडकडे बघितल्यावर तर नक्कीच.

सप्टेंबर १९३९ मध्ये दुसरं महायुद्ध आलं आणि विमानहल्ल्यांच्या भीतीनं सगळा देश काळोखात बुडाला. मोटारींचे पुढचे दिवे झाकले गेले. बॉम्ब पडण्याआधी माणसं रस्त्यांवरच मरू लागली. १९४१ मध्ये ९,१६९ बळी गेले. ब्रिटनच्या रस्त्यांवर कुठल्याही एका वर्षात गेलेले ते सर्वाधिक बळी. मोटारीच्या दिव्यात उजेडच नाही म्हटल्यावर काच चमकणार कशी? मागचा दिवा सक्तीचा झाला. त्या काळोखात तो लावणं योग्यच होतं. पण युद्ध संपलं, मोटारींचे दिवे पुन्हा लखलखले, आणि सक्ती काही गेली नाही. १९४५ च्या कायद्यानं ती कायम केली. ५७ वर्षांपूर्वी ‘मागून येणाऱ्यानं घंटी वाजवावी’ म्हणणारा कायदा आता ‘पुढच्यानं दिवा लावावा’ म्हणत होता. मधल्या काळात एकच गोष्ट बदलली होती. सायकलवाला आता वेगवान राहिला नव्हता, आणि श्रीमंतही.

आता आपल्याकडे येऊ. सायकलला नगरपालिकेचा परवाना लागायचा, त्याचा पत्र्याचा नाहीतर पितळेचा बिल्ला हँडलखाली अडकवलेला असायचा, हे पन्नाशीच्या पुढच्या वाचकांना आठवत असेल. रात्री पुढे दिवा हवा, डबलसीट बसायचं नाही, हे नियमही त्यांना आठवतील. मी यंत्रमागांच्या गावात वाढलो. तिथे बारा तासांची पाळी सुटली की सायकलींचा लोंढा बाहेर पडायचा. चौकात हवालदार उभा असायचा. ज्याचा दिवा नाही त्याच्या चाकाची हवा सोडायची, हा तिथला कायदा. मग बारा तास उभं राहिलेला माणूस सायकल ढकलत दोन-तीन मैल चालत घरी जायचा. त्याच चौकातून सुताचे ट्रक भरधाव जायचे. त्यांची हवा कुणी सोडल्याचं मी पाहिलं नाही.

दिवा नकोच, असं मात्र मी म्हणणार नाही. साखर कारखान्यांच्या मुलखात ज्यानं गळीत हंगाम पाहिला आहे, तो असं म्हणूच शकत नाही. ऊस भरलेली बैलगाडी किंवा ट्रॅक्टरची ट्रॉली मागे दिवा नसताना रात्री रस्त्यानं चाललेली असते. किंवा पंक्चर झालेला ट्रक रस्त्यातच उभा करून, मागे चार दगड लावून चालक निघून जातो. त्याच्यावर आदळून मोटारसायकलवरची तरणी पोरं मरतात. हल्ली हंगामाच्या सुरुवातीला कारखाने आणि पोलीस मिळून गाड्यांना रेडियम लावतात, ते फार चांगलं काम आहे. सायकलवाल्यानंही उलट्या बाजूनं येऊ नये, कानात गाणी घालून चालवू नये, वळताना हात दाखवावा. आमच्याकडे हदीसमध्ये रस्त्याच्या हक्काची गोष्ट येते. आपला रस्त्यावर हक्क असतो तसा रस्त्याचाही आपल्यावर असतो, आणि दुसऱ्याला इजा न करणं हा त्या हक्काचा भाग आहे. हा हक्क सायकलवाल्यालाही चुकत नाही. फक्त इजा करण्याची ताकद कुणाकडे किती, याचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. पंधरा किलोची सायकल आणि पंधरा टनांचा ट्रक एकाच तागडीत घालता येत नाहीत.

हा हिशेब आपल्या कायद्यानं हळूहळू मांडला. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात त्रयस्थ व्यक्तीसाठी विम्याची सक्ती आली आणि ती १ जुलै १९४६ पासून अमलात आली. म्हणजे निदान पैशानं उत्तर द्यायला कुणीतरी उभं राहिलं. पण ते मिळवण्यासाठी मोटारवाल्याचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागे. १९७७ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयानं तेच पुन्हा स्पष्ट केलं. आता बघा, रात्रीचा रस्ता, साक्षीदार नाही, सायकलवाला मेलेला आणि ट्रक पसार. विधवेनं सिद्ध काय करायचं? १९८२ मध्ये संसदेनं दुरुस्ती केली. चूक कुणाची हे न विचारता मृत्यूला १५,००० आणि कायमच्या अपंगत्वाला ७,५०० रुपये. रक्कम तुटपुंजी होती, पण प्रश्नाचं तोंड फिरलं होतं. २०१९ च्या दुरुस्तीनं ही रक्कम मृत्यूला ५ लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख केली आणि १ एप्रिल २०२२ पासून ती लागू झाली. धडक देऊन पळालेलं वाहन सापडलंच नाही तरीही मृताच्या वारसांना सरकारी योजनेतून २ लाख मिळतात. हे पुष्कळांना ठाऊकच नसतं, म्हणून मुद्दाम सांगतो.

हॉलंडनं याच्या पुढचं पाऊल टाकलं. १९७१ मध्ये त्या चिमुकल्या देशात रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसं मेली, त्यांत ४०० हून अधिक मुलं होती. विक लांगेनहोफ या पत्रकाराची शाळकरी मुलगी सायकलवरून जाताना मोटारीखाली गेली. त्यानं वर्तमानपत्रात लेख लिहिला, त्याचा मथळा होता ‘बालहत्या थांबवा’. पालक रस्त्यांवर उतरले. १९७३ च्या शेवटी तेलाचं संकट आलं आणि काही रविवार मोटारी बंद ठेवाव्या लागल्या. मोटारींशिवाय आपलं शहर कसं दिसतं हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. मग ट्रॅक झाले, वस्त्यांतले वेग उतरले. आणि कायद्याचा अर्थ तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं १९९० च्या सुमारास असा लावला: चौदा वर्षांखालचं मूल सायकलवर असेल तर जवळजवळ प्रत्येक वेळी सगळी भरपाई मोटारवाल्यानं द्यायची. मोठं माणूस असेल तर त्याची चूक असली तरी निदान निम्मी. आपला इलाजच नव्हता, हे सिद्ध करण्याचं काम मोटारवाल्याचं.

त्याच हॉलंडमध्ये सायकलला पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा सक्तीचा आहे. नसेल तर पोलीस दंड करतात, आणि लोक निमूट भरतात. स्टॅन्सर यांचं भांडण इथे मिटलेलं दिसतं. दिवा लावणं पुढच्याकडे आणि बघणं मागच्याकडे राहिलं. एकाचं काम चुकलं म्हणून दुसरा सुटत नाही. ब्रिटननंही २०२२ मध्ये आपल्या हायवे कोडमध्ये, ज्याच्या हातून जास्त इजा होऊ शकते त्याच्यावर जास्त जबाबदारी, हे तत्त्व लिहिलं. सायकलला ओलांडताना दीड मीटर तरी अंतर ठेवावं, हेही त्यात आलं. १८८८ च्या घंटीपाशी ते जवळजवळ परत आले म्हणायचे.

आपल्याकडेही २०१७ च्या वाहनचालन नियमावलीत, चालकानं पादचारी, सायकलस्वार, मुलं, वृद्ध आणि अपंग यांची विशेष काळजी घ्यावी, असं वाक्य आहे. चांगलं वाक्य आहे. मात्र हवालदाराची हवा सोडण्याची जी ताकद होती, ती या वाक्यापाशी नाही. पुण्याचीच गोष्ट घ्या. कधीकाळी सायकलींचं शहर म्हणून मिरवणाऱ्या या गावात १९७० नंतर लुना आणि बजाजच्या स्कूटरी घरोघरी आल्या. २००६ नंतर बीआरटीच्या रस्त्यांकडेनं सायकल ट्रॅक बांधले, २०१७ च्या डिसेंबरात महापालिकेनं सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. भाड्याच्या रंगीत सायकली आल्या आणि थोड्याच काळात गेल्या. ट्रॅकवर आता बऱ्याच ठिकाणी स्कूटरी उभ्या असतात.

तरीही २०११ च्या जनगणनेत, कामावर सायकलनं जाणारे अडीच कोटींहून अधिक लोक देशात सापडले होते. आणि २०२२ मध्ये रस्त्यांवर मेलेल्या १,६८,४९१ माणसांत सायकलस्वार साडेचार हजारांहून जास्त होते. २०२० मध्ये केंद्र सरकारनं सायकलींवरच्या परावर्तकांच्या दर्जाबाबत आदेश काढला. त्याच वर्षी ३ जूनला, जागतिक सायकल दिनी, अॅटलसनं आपला साहिबाबादचा कारखाना बंद केला. नव्या सायकलवर आता पुढे, मागे, पायडलला, चाकांच्या तारांत चमकणाऱ्या पट्ट्या असतात. बांधकामावरचा मजूर किंवा रात्रपाळीचा रखवालदार जी सायकल वापरतो, ती मात्र जुन्या बाजारातून हजार-दीड हजाराला घेतलेली असते. तिच्या मडगार्डची पांढरी पट्टी कधीच गंजून गेलेली असते आणि टिकलीच्या जागी नुसतं भोक असतं.